डबीतली पावडर आणि बांधावरचा पाला

(हडपसर येथील जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आजच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर कांदा आहे, ऊस आहे, विजेची बिले आहेत. त्यात हा ‘पावडरी आणि गोळ्या’ असा विषय कुठून आला, असे काहींना वाटले असेल. पण मला वाटते, हा विषय भावाच्या प्रश्नापेक्षा वेगळा नाही. त्याच प्रश्नाचे हे दुसरे तोंड आहे.

आपल्या गावात हल्ली दोन प्रकारचे विक्रेते येतात. पहिला घरी येतो. गुडघे दुखतात, साखर वाढली, पोराला भूक लागत नाही, असे काही कानावर आले की तो पिशवीतून डबी काढतो. शेवग्याची पावडर, गव्हांकुराची पावडर, शेवाळाच्या गोळ्या, हळदीच्या अर्काच्या गोळ्या. दुसरा विक्रेता शेतावर येतो. तो सांगतो, ऊस-कांदा सोडा, औषधी वनस्पती लावा; रोप आमचे, माल आम्हीच उचलू. पहिला आपल्याला गिऱ्हाईक करतो, दुसरा उत्पादक. दोघांची भाषा मात्र एकच असते : निसर्गाचे आहे, अपाय काही नाही आणि मागणी तर अफाट आहे.

मी डॉक्टर नाही की वैद्य नाही. पण हिशेब करता येतो, आणि छापलेले वाचता येते. तेवढ्यावर जे सांगता येते ते सांगते.

सतरा पटींचा हिशेब

शेवग्यापासून सुरुवात करू, कारण तो आपल्या प्रत्येकाच्या परसात किंवा बांधावर आहे. शेवग्याच्या पावडरीच्या डबीबरोबर एक कागद मिळतो. त्यावर लिहिलेले असते, ‘दुधाच्या सतरा पट कॅल्शियम’. हे खोटे आहे का? तसे पाहिले तर खोटे नाही. वाळवलेल्या पाल्याच्या शंभर ग्रॅम पावडरीत सुमारे २,००० मिलिग्रॅम कॅल्शियम असते असे आकडे छापलेले आहेत. गाईच्या शंभर ग्रॅम दुधात असते सुमारे १२० मिलिग्रॅम. भागाकार केला की सतरा येतात.

पण शंभर ग्रॅम पावडर खातो कोण? डबीवरच लिहिलेले असते, रोज एक चमचा. एक चमचा म्हणजे पाच ग्रॅम. त्यात कॅल्शियम किती आले? शंभर मिलिग्रॅम. म्हणजे अर्ध्या कपभर दुधात जेवढे असते तेवढेच, किंबहुना थोडे कमी. सतरा पट कुठल्या कुठे गेले! वाळलेल्या वस्तूची ओल्या वस्तूशी तुलना करायची, आणि वजन सारखे धरायचे, ही सगळी त्यातली हातचलाखी. ओला कांदा आणि वाळलेला कांदा एकाच भावाने तोलणारा आडत्या आपण चालवून घेऊ का?

आता त्याच शेवग्याचा ताजा पाला घ्या. शंभर ग्रॅम निवडलेल्या पाल्यात ३०० मिलिग्रॅमच्या पुढे कॅल्शियम असते, सहा ग्रॅमच्या वर प्रथिने असतात, आणि ‘क’ जीवनसत्त्व तर शंभर मिलिग्रॅमच्या आसपास. पावडर करताना यातले ‘क’ जीवनसत्त्व बहुतेक उडून जाते. म्हणजे मुगाची डाळ घालून केलेली पाल्याची वाटीभर भाजी तीन चमचे पावडरीला भारी पडते. ती भाजी आपली आजी करत होती. आपण ती सोडली, कारण पाला निवडायला वेळ लागतो आणि पोरे नाक मुरडतात. आणि आता तोच पाला डबीतून परत विकत घेतो.

यात शेवग्याचा दोष नाही. शेवगा चांगलाच आहे. वाईट आहे तो हिशेब.

सिरमच्या शेजारी बसून

आपण आज हडपसरला बसलो आहोत. याच हडपसरात १९६६ साली सिरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. २०२१ साली कोविडची लस इथूनच देशभर गेली. लस बाजारात यायची तर आधी प्राण्यांवर, मग थोड्या माणसांवर, मग हजारो माणसांवर तपासावी लागते. अर्ध्यांना खरी लस, अर्ध्यांना दुसरे काहीतरी. कोणाला काय दिले ते टोचून घेणाऱ्यालाही ठाऊक नसते. मग मोजायचे, कोणाला आजार झाला आणि कोणाला नाही. त्यातून पार पडली तर परवाना.

डबीतल्या पावडरीला विक्रीआधी अशी कसोटी द्यावी लागत नाही. ती कायद्याने अन्न आहे, औषध नाही. म्हणून तर अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे अशा डबीवर ‘औषधी वापरासाठी नाही’ अशी सूचना छापावी लागते. ती छापलेली असते, बारीक अक्षरात, इंग्रजीत. आणि विक्रेता त्याच डबीवर हात ठेवून सांगतो की मधुमेह मुळापासून जातो. १९५४ सालच्या औषधे आणि जादुई उपाय कायद्याने मधुमेह, कर्करोग अशा आजारांवर उपायाच्या जाहिराती करायला बंदी आहे. कायदा सत्तर वर्षांचा झाला. भिंती मात्र अजून रंगलेल्या आहेत.

म्हणून कोणी दावा केला की आपण तीन प्रश्न विचारावेत. किती माणसांना दिले? किती दिवस दिले? ज्यांना दिले नाही, त्यांच्याशी ताडून पाहिले का? ‘आमच्या मेव्हण्याला गुण आला’ हे उत्तर चालणार नाही. मेव्हणा बरा झाला याचा आनंद आहे, पण तो पावडरीने झाला की पथ्याने की आपोआप, हे त्यातून कळत नाही.

कसोटीला उतरलेले

आता कोणी म्हणेल, मग सगळेच थोतांड आहे का? मुळीच नाही. कसोटीला उतरलेल्या काही गोष्टी आहेत, आणि गंमत अशी की त्या बहुतेक आपल्या कोरडवाहू शेतातल्या आहेत.

बाजरी घ्या. इक्रिसॅटच्या संशोधकांनी जादा लोह असलेला ‘धनशक्ती’ हा बाजरीचा वाण निवडला आणि तो २०१२ साली महाराष्ट्रासाठी प्रसारित झाला. त्याच जातकुळीची जादा लोहाची बाजरी आपल्याच राज्यातल्या १२ ते १६ वर्षांच्या २४६ शाळकरी मुलांवर तपासली गेली. अर्ध्या मुलांना या बाजरीची भाकरी, अर्ध्यांना साध्या बाजरीची. ज्या मुलांच्या अंगात लोह कमी होते, त्यांचा साठा जादा लोहाच्या भाकरीने लवकर भरून आला. २०१५ साली हे छापून आले. गोळी नाही, डबी नाही, भाकरी. ही बातमी किती शेतकऱ्यांच्या कानावर आली? आणि या बाजरीला बाजारात चार पैसे जादा मिळतात का? नाही. तिची पट्टी साध्या बाजरीच्याच भावाने होते.

दुसरे जवस. विदर्भ-मराठवाड्यात जवसाची चटणी पानात असायचीच. जवसात चाळीस टक्क्यांच्या आसपास तेल असते, आणि त्यातला निम्म्याहून जास्त भाग ओमेगा-तीन जातीच्या स्निग्धाम्लाचा. कॅनडात ११० रुग्णांवर सहा महिने तपासणी झाली. हे पायांच्या रक्तवाहिन्या चिंचोळ्या झालेले रुग्ण होते. निम्म्यांना रोज तीस ग्रॅम दळलेले जवस, निम्म्यांना दुसरे काही. २०१३ साली निकाल छापला : जवस खाणाऱ्यांचा वरचा रक्तदाब सुमारे दहाने आणि खालचा सुमारे सातने कमी होता. हा लहान आकडा नाही. पण तपासणी ठराविक रुग्णांवर झाली, आणि ते आपली औषधे घेतच होते. तेव्हा जवस सुरू केले म्हणून रक्तदाबाची गोळी बंद करणे हा वेडेपणा ठरेल. रक्त पातळ करण्याची औषधे चालू असतील त्यांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय रोज एवढे खाऊ नये.

जवसाबद्दल आणखी दोन गोष्टी. ते अख्खे खाल्ले तर बरेचसे तसेच बाहेर पडते. कुटून किंवा दळूनच खावे. आणि कुटलेले जवस लवकर खवट होते, म्हणून आठवड्यापुरतेच कुटावे. बाजारातल्या सहा महिने जुन्या पुडीपेक्षा घरी आज कुटलेली चटणी केव्हाही सरस. मासळीतल्या ओमेगा-तीनची पूर्ण जागा मात्र जवस घेत नाही. शरीर त्याचे मासळीतल्या प्रकारात रूपांतर करते ते अगदी थोडे.

तिसरी नाचणी. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, म्हणजे तांदळाच्या कितीतरी पट. दोन भाकरींना साधारण एवढेच पीठ लागते, म्हणून इथे शंभर ग्रॅमचा हिशेब प्रामाणिक आहे. मोड आणून वाळवलेल्या नाचणीतले सत्त्व अंगी अधिक लागते. पण सत्त्व काढताना चोथा गाळून फेकू नका. कॅल्शियम मुख्यतः टरफलातच असते. भारताने मांडलेल्या ठरावावरून २०२३ साल जगभर भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले गेले. शहरातल्या दुकानांत नाचणीची बिस्किटे आली. त्यांत नाचणी किती आणि मैदा किती, ते पुडीच्या मागच्या बाजूला वाचावे म्हणजे कळेल.

चौथे अळीव. बाळंतिणीला अळिवाचे लाडू देण्याची रीत जुनी आहे. जुन्या तक्त्यांत अळिवातले लोह फार मोठे दाखवलेले होते, नव्या मोजणीत तो आकडा बराच खाली आला. तरी अळीव लोहाच्या बाबतीत चांगलेच. त्यावर लिंबू पिळले तर लोह अंगी लागते, वर लगेच चहा घेतला तर लागत नाही. पण ज्या बाईचे हिमोग्लोबिन सातवर आले आहे तिला लाडवावर ठेवू नका. तिला दवाखान्यात न्या. सरकारी दवाखान्यात लोहाची गोळी फुकट मिळते. लाडू त्या गोळीच्या जोडीला असावा, जागी नसावा.

आणि खपली गहू. सातारा-सांगलीकडे पिकतो, पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्यावर काम करून सुधारित वाण दिले. खपली तंतुमय आहे, चवदार आहे, भावही बरा मिळतो. पण ‘मधुमेह्यांनी कितीही खावा’ असे सांगून तो विकला जातो, ते चूक आहे. खपली गहूच आहे. त्यात पिष्ट आहे, त्यात गव्हाचा चिकही आहे. ज्यांना गहू वर्ज्य आहे त्यांना खपलीही वर्ज्य.

पुण्याजवळची सहा गावे

आता आपल्याच जिल्ह्याची एक गोष्ट सांगते. १९९३ साली पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायांचा अभ्यास सुरू केला. या शेतकरी बाया होत्या. वजन सरासरी बेचाळीस किलोच्या आसपास. गरोदरपणातही शेतात राबणाऱ्या. त्यांनी काय खाल्ले, किती काम केले, बाळ केवढे झाले, हे सगळे मोजले. आघारकर संस्थेच्या डॉ. शोभा राव यांनी इतरांसोबत त्याचे निष्कर्ष २००१ साली छापले. एकूण किती खाल्ले याच्याशी बाळाच्या वजनाचा संबंध फारसा दिसला नाही. संबंध दिसला तो दुधाशी, हिरव्या पालेभाज्यांशी आणि फळांशी. ज्या बायांच्या पोटात हे जास्त वेळा गेले त्यांची बाळे अंगाने बरी होती.

पुन्हा ऐका. पालेभाजी, दूध, फळे. या तिन्ही गोष्टी पिकवतो कोण? त्याच बाया. आणि त्यांच्या पानात त्या का नव्हत्या? कारण दूध डेअरीला जाते, भाजीची जुडी मंडईत जाते, पेरू आणि अंजीर पेटीत जाते. मालाला भाव मिळत नाही म्हणून असेल नसेल ते सगळे विकावे लागते. चांगला भाव मिळाला असता तर लिटरभर दूध घरी ठेवायला हात आखडला नसता. हा अभ्यास आहारशास्त्राचा म्हणून छापला गेला. मला तो शेतमालाच्या भावाचा अभ्यास वाटतो.

याच अभ्यासात आणखी एक गोष्ट निघाली. दोनतृतीयांश बायांच्या रक्तात ‘ब-१२’ हे जीवनसत्त्व कमी होते. हे जीवनसत्त्व दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतूनच मिळते. पाल्यातून, धान्यातून मिळत नाही. ते कमी पडले की हातापायाला मुंग्या येतात, थकवा येतो, रक्त कमी होते, नसा निकामी होऊ लागतात. आता डबीवाला काय विकतो? शेवाळाच्या गोळ्या, ‘शाकाहारी ब-१२’ म्हणून. त्या शेवाळात असते ते ब-१२ सारखे दिसणारे, पण माणसाच्या शरीराला न चालणारे रसायन. म्हणजे माणूस महागड्या गोळ्या खात राहतो, आपण उपाय करतो आहोत अशा समजात राहतो, आणि नसा खराब होत जातात. खरी ब-१२ ची गोळी औषधाच्या दुकानात स्वस्तात मिळते. पण स्वस्त गोळी विकायला घरोघर कोणी येत नाही.

पैसे गेले तर पुन्हा मिळवता येतात. उपायाची वेळ गेली तर ती परत येत नाही. या डब्यांचे खरे नुकसान हे आहे.

निसर्गाचे म्हणून निरुपद्रवी?

धोतराही निसर्गाचाच आहे. कण्हेरही निसर्गाचीच आहे. शेतकऱ्याला हे कोणी शिकवायला नको, जनावराने काय खाल्ले की पोट फुगते ते आपल्याला ठाऊक आहे.

कोविडच्या काळात घरोघर गुळवेलीचा काढा उकळत होता. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या चार महिन्यांत मुंबईच्या डॉक्टरांना यकृताला सूज आलेले सहा रुग्ण आढळले. सहाही जण गुळवेल घेत होते. २०२१ साली त्यांनी हे वैद्यकीय नियतकालिकात छापले. आयुष मंत्रालयाने हरकत घेतली. वनस्पती गुळवेलच होती का, की तिच्यासारखी दिसणारी दुसरी जात होती, हे आधी तपासायला हवे होते, असे मंत्रालयाचे म्हणणे. वाद आहे. पण त्या वादातूनही आपल्यासाठी एक गोष्ट निघतेच : गावातला माणूस कुंपणावरची वेल तोडून आणतो तेव्हा ती नेमकी कोणती, हे त्याने कोणाला दाखवलेले नसते. इथे हडपसरलाच आयुर्वेदाचे महाविद्यालय आहे. शंका असेल तर वेलीचा तुकडा पानासकट जाणत्यांना दाखवा. आणि आधीच यकृताचा आजार असेल तर काढ्याच्या वाटेला जाऊ नका.

हळदीचेही तसेच. भाजीतली हळद आपण पिढ्यान्‌पिढ्या खातो, तिने कोणाचे वाईट झालेले नाही. गोळीतली हळद वेगळी. हळदीतले पिवळे द्रव्य पोटातून रक्तात फारसे जात नाही. १९९८ साली बंगळूरच्या संशोधकांनी दाखवले की मिऱ्यातले द्रव्य जोडीला दिले तर ते वीस पटीने जास्त रक्तात जाते. झाले, अर्क काढून, मिरे घालून गोळ्या निघाल्या. मग यकृताच्या तक्रारीही निघाल्या. अमेरिकेत अशा दहा रुग्णांची नोंद २०२२ साली छापली गेली. पाच जणांना रुग्णालयात ठेवावे लागले, एक जण दगावला. चिमूटभर हळद आणि अर्काची गोळी यांत दारूच्या अर्काइतके अंतर आहे. मात्रा बदलली की वस्तू बदलते.

हळदीवरून पेटंटची लढाई आठवते. जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट १९९५ साली अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळाले होते. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. त्याआधी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक. परिषदेने जुने ग्रंथ आणि छापील लेख पुराव्याला लावले आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झाले. अभिमानाची गोष्ट आहे. पण दोन गोष्टी लक्षात ठेवू. पेटंट रद्द झाले कारण हे ज्ञान नवे नव्हते; त्याने हळदीची गोळी प्रत्येक रोगावर चालते असे सिद्ध झाले नाही. आणि त्या विजयाने सांगलीच्या पेठेत हळदीचा भाव वाढला नाही. ज्ञानाची मालकी दिल्लीने सोडवून आणली. घामाच्या दामाचे आपले आपल्यालाच पाहावे लागेल.

रोपे विकणाऱ्याचा धंदा

आता दुसऱ्या विक्रेत्याकडे वळू, शेतावर येणाऱ्या. २००० सालाच्या आगेमागे महाराष्ट्रात सफेद मुसळीची लाट आली. शक्तिवर्धक म्हणून तिला सोन्याचा भाव आहे, असे सांगितले गेले. कंद महाग विकले गेले. ज्यांनी पहिल्या वर्षी लावली त्यांनी आपले कंद दुसऱ्या वर्षी शेजाऱ्याला बियाणे म्हणून विकले आणि पैसे केले. शेजाऱ्याने तिसऱ्याला विकले. जोवर नवा लावणारा मिळत होता तोवर भाव होता. लावणारे संपले, आणि खरोखर मुसळी खाणारे किती ते उघडे पडले. भाव कोसळला. शेवटच्याच्या घरात कंदांची पोती पडून राहिली.

त्यातून आपण शिकलो का? २०१९ साली सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरचे कडकनाथ कोंबडीचे प्रकरण बाहेर आले. काळी कोंबडी, काळे मांस, औषधी अंडी, असा गवगवा झाला. पिल्ले आम्ही देऊ, खाद्य आम्ही देऊ, अंडी आणि कोंबड्या आम्हीच घेऊ. शेकडो शेतकऱ्यांनी दागिने मोडून पैसे भरले. कंपनीने माल उचलणे बंद केले, खाद्य बंद झाले, कोंबड्या उपाशी मेल्या आणि शेतकरी पोलीस ठाण्याच्या पायरीवर बसला. कडकनाथ ही जात खरीच आहे, झाबुआच्या कडकनाथला २०१८ साली भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. खोटी होती ती मागणी.

मुसळी काय, कडकनाथ काय, खूण एकच. ज्या धंद्यात माल विकून मिळणाऱ्या पैशापेक्षा रोपे, पिल्ले, बियाणे विकून मिळणारा पैसा मोठा असतो, तो धंदा शेतीचा नसतो. विचारायचा प्रश्न सोपा आहे : तुमच्याखेरीज हा माल आणखी कोण घेते? कोणत्या पेठेत, कोणत्या भावाने? एकच खरेदीदार असेल आणि तोच रोपवाटिकेचा मालक असेल, तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

संघटना खुल्या बाजाराच्या बाजूने आहे. ज्याला जे पिकवायचे ते पिकवावे, अश्वगंधा लावावी, शतावरी लावावी, कोणी अडवू नये. पण खुला बाजार म्हणजे पुष्कळ खरेदीदार. एकाच्या मुठीत असलेल्या बाजाराला खुला म्हणत नाहीत.

मग आपण काय विकायचे?

१९९१ साली शेगावच्या मेळाव्यात शरद जोशींनी चतुरंग शेतीचा कार्यक्रम मांडला : सीताशेती, माजघर शेती, व्यापार शेती, निर्यात शेती. त्यातली माजघर शेती म्हणजे शेतातला माल कच्चा न विकता घरातच त्यावर प्रक्रिया करून विकणे. आपण आजवर त्यात लोणची-पापडाच्या पुढे फार गेलो नाही. आज शहर स्वतःहून जवस, नाचणी, शेवगा, अळीव मागते आहे. पुण्याची मगरपट्टा, अमानोरा ही वसाहत आपल्या शेतांवर उभी आहे, आणि तिथला माणूस शेवग्याची डबी आंतरजालावरून मागवतो. ती डबी आपण का देऊ नये? जरूर देऊ. पण आपल्या अटींवर, आणि खोटे न बोलता.

बचतगटांच्या बायांसाठी काही गोष्टी सांगते.

शेवग्याचा पाला वाळवायचा तर सावलीत, जाळीखाली, धूळ लागू न देता. उन्हात रंग जातो आणि जीवनसत्त्व जाते. ताज्या पाल्यात तीनचतुर्थांशाहून जास्त पाणी असते. म्हणून किलोभर पावडरीला किमान चार-पाच किलो निवडलेला पाला लागतो. काड्या, डहाळ्या धरल्या तर कितीतरी जास्त. भाव ठरवताना निवडणाऱ्या बाईची मजुरी आधी मांडा. ती फुकट धरली तरच धंदा फायद्यात दिसतो, आणि तो फायदा खरा नसतो.

शेंगांसाठी फवारलेल्या झाडाचा पाला पावडरीला घेऊ नका. पाणी कुठले आहे तेही पाहा. मुंढव्याच्या जॅकवेलमधून शहराचे वापरलेले पाणी प्रक्रिया करून कालव्यात सोडले जाते आणि या पट्ट्यातली शेती त्यावर भिजते. त्यावर ऊस घेणे वेगळे आणि खायचा पाला घेणे वेगळे. पाला वाळवला की त्यातले चांगले जसे दाट होते तसे वाईटही दाट होते. प्रयोगशाळेत एकदा तपासून घ्या, कागद जवळ ठेवा. तो कागद हीच तुमची जाहिरात.

अन्नसुरक्षेची नोंदणी करा. मात्र डबीवर एकही रोगाचे नाव लिहू नका. लिहा : कोणत्या गावचा पाला, कधी तोडला, कधी वाळवला, एका चमच्यात काय आहे. चमच्याचा हिशेब लिहा, शंभर ग्रॅमचा नको. गिऱ्हाईक एकदा फसते, दुसऱ्यांदा येत नाही. आपल्याला दरसाल यायचे आहे.

आणि सगळी पावडर करून विकू नका. कांद्याच्या वाफ्यातली घोळ आपण खुरपून बांधावर फेकतो. तांदुळजा, चाकवत, अंबाडी, राजगिरा या भाज्या मंडईत मागितल्या तरी सहज मिळत नाहीत. त्यांच्या ताज्या जुड्या करून मांजरीच्या बाजारात नेल्या तर त्या खपतात, आणि त्यात वाळवणाचा खर्च नाही. मुतखड्याचा त्रास असलेल्याला घोळ, राजगिरा बेताने खायला सांगा; एवढे खरे सांगणारी भाजीवाली लोक विसरत नाहीत.

शेवटी जिल्हा बैठकीपुढे तीन गोष्टी ठेवते, त्यावर दुपारी चर्चा व्हावी. पहिली, प्रत्येक तालुक्यात हमी देऊन रोपे, पिल्ले किंवा कंद विकणाऱ्यांची यादी शाखेने करावी, आणि त्यांचा आणखी कोणी खरेदीदार आहे का ते लेखी मागावे. दुसरी, जादा लोहाच्या बाजरीला वेगळी पट्टी मिळावी म्हणून बाजार समितीकडे आणि शालेय पोषण आहाराच्या खात्याकडे मागणी करावी. सरकार लोहाच्या गोळ्या विकत घेते, लोहाची बाजरी का घेत नाही? तिसरी मायबहिणींसाठी : घरातून दूध आणि भाजी बाहेर जाण्याआधी गरोदर सुनेचा, लेकीचा वाटा बाजूला काढायचा. हा वाटा विकायचा नाही, कितीही भाव आला तरी.

या तिसऱ्या गोष्टीला सरकारची परवानगी लागत नाही आणि ठरावही लागत नाही. ती आज संध्याकाळपासून सुरू करता येते.